आम्ही दोघे काच घासणारे

मित्रांनो, मी एक जुनी गोगलगाय आहे. बागेतली नव्हे, समुद्रातली. माझा शंख लिंबाएवढा आहे आणि त्यावर इतके ओरखडे आहेत की नवखा माणूस दगड समजून बाजूला ठेवील. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं तुम्ही आतल्या गाठीच्या माणसाला म्हणता. मला त्याचा राग नाही, कारण म्हण खरीच आहे. देवाने मला एकच पाय दिला आणि तो पोटालाच लावून दिला. त्याच पायाने मी चालते, त्यानेच धरून राहते आणि नवल म्हणजे त्यानेच ऐकते. मला कान नाहीत. पण बाहेर कोणी बोललं की काच थरथरते आणि ती थरथर माझ्या पायात उतरते. वर्षानुवर्षं काचेला चिकटून राहिल्यावर त्या थरथरीचे शब्द झाले. डोळे आहेत, पण त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. रंग आणि बाकीचे बारकावे मी माणसांच्या बोलण्यातून गोळा केले.

आणि जीभ! माझ्या जिभेवर हजारो दात आहेत, एकेक धुळीच्या कणाएवढा. ते मोजून कोणी बसवले असतील, या विचाराने मी आजही मधूनच थांबते.

माझा जन्म समुद्रातल्या एका खडकावर झाला. तिथे भरती आली की डोक्यावर पाण्याचा डोंगर आणि ओहोटी लागली की उघडं आभाळ. त्या आभाळातून जो उजेड यायचा तो पाण्यातून हलत हलत खडकावर पडायचा, आणि जिथे पडायचा तिथे शेवाळ उगवायचं. ते मी खायचे. उजेडाचं शेवाळ होतं आणि शेवाळाची मी होते, एवढं ज्ञान मला लहानपणीच झालं होतं. त्याचा उपयोग पुढे कधी होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

एक दिवस मला कोणीतरी उचललं. पिशवी, डबा, अंधार, पुन्हा पिशवी. मग शोभेच्या माशांचं दुकान. तिथून मला आप्पांनी घरी आणलं.

आप्पा चष्मेवाले होते. भिंगं घासून त्यांना नंबर देणं हा त्यांचा धंदा. घरी हॉलमध्ये, भिंतीला लागून, त्यांची साडेतीन फुटांची काचेची टाकी होती आणि टाकीत समुद्र होता. खरंच सांगते, मी पहिल्या दिवशी पाणी चाखलं आणि थिजून गेले. नळाच्या पाण्यात मापून मीठ घालून एका चष्मेवाल्याने समुद्राची चव जमवली होती! तळाला वाळू, मागे खडक, दोन नारिंगी मासे नवराबायकोसारखे एकमेकांना डिवचत फिरणारे, आणि एका कोपऱ्यात प्रवाळाचा नखाएवढा तुकडा. तो तुकडा पाण्यातून कणकण गोळा करून स्वतःचा दगड बांधत होता. मी पाच वर्षं त्याच्या शेजारून गेले आहे. तो मला कधी वाढताना दिसला नाही, आणि तरी तो तळहाताएवढा झाला.

आप्पांचा एक नेम होता. अंघोळ झाली की चहाच्या आधी टाकीपाशी यायचं. चुंबकाच्या घासणीचा एक तुकडा आतून, एक बाहेरून. समोरच्या काचेवर डावीकडून उजवीकडे सावकाश हात फिरवायचा. रोज एकदाच. उडालेल्या पाण्याच्या जागी गाळलेलं गोडं पाणी घालायचं, माशांना चिमूटभर खाणं, तेही अर्धी चिमूट. माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, “अहो, चहाचं सरबत झालं!” आप्पा म्हणायचे, “आलो, भागीदाराशी बोलतोय.”

तो भागीदार म्हणजे मी. “तूही काच घासतेस, मीही काच घासतो,” ते मला म्हणायचे. “माणसाला दिसावं म्हणून आपण दोघांनी झिजायचं.” मी कधी काचेवरून घसरून वाळूत उताणी पडायचे. आमच्या जातीला उताणं पडलं की सहसा उठता येत नाही. असं झालं की आप्पा बाही वर सारून हात पाण्यात घालायचे आणि मला सरळ करायचे. एवढं करताना सदरा भिजायचाच, आणि माईंची बोलणी बसायची ती वेगळी.

शेवाळाविषयी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी म्हणालं, “आप्पा, एकदाच काहीतरी औषध टाकून संपवा की हे हिरवं,” तर ते हसायचे. “शेवाळ पाहुणं आहे. पाहुण्याला चहा द्यावा, घराच्या किल्ल्या देऊ नयेत.”

मग एका सकाळी घासणी काचेच्या मधोमध थांबली.

बाहेरचा तुकडा जमिनीवर पडला. आतला माझ्या अंगावरून वाळूत गेला. मोठी सावली खाली कोसळली, काच जोरात थरथरली आणि माईंची अशी हाक माझ्या पायात शिरली की मी शंखात अंग मिटून घेतलं.

आप्पा परत आले ते तीन आठवड्यांनी, चाकांच्या खुर्चीतून. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. हो-नाहीचासुद्धा भरवसा राहिला नव्हता. ‘हो’ म्हणायचं असलं तरी मान भलतीकडेच हलायची. डावा हात तेवढा त्यांचं ऐकत होता, तोही थरथरत.

त्यांची खाट हॉलमध्ये घ्यायची ठरली. दिवसभर माणसांत राहतील, टाकीही डोळ्यांपुढे राहील. पण खाटेला जागा हवी. म्हणून हॉलमधलं मोठं कपाट आतल्या खोलीत गेलं. त्या कपाटाची पाठ वीस वर्षं पूर्वेच्या खिडकीला लागलेली होती. कपाट हललं, खिडकी मोकळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला टाकीत ऊन आलं.

मित्रांनो, ते मी कसं सांगू? खडकावरून उचलल्यापासून मी ऊन पाहिलं नव्हतं. टाकीवर दिवा होता, पण दिवा तो दिवा. तो एका जागी उभा राहतो. ऊन आलं ते तिरकं, पाण्यात शिरताच वाकलं आणि वाळूवर नाचायला लागलं. मासे त्यातून गेले की त्यांच्या सावल्याही पोहायच्या. पाण्यातला एकेक कण पेटल्यासारखा झाला. मी शिंगं लांब करून तशीच थांबले. वाटलं, मला शोधत शोधत समुद्रच आला.

“बघा तरी, घर कसं भरून गेलं उजेडाने!” माई म्हणाल्या.

तेव्हा आप्पांचा डावा हात उचलला गेला. तळवा खिडकीकडे, आणि ते तो हवेत पुढे ढकलत होते, हळूहळू.

“ऊन हवंय त्यांना,” माई म्हणाल्या. “अगं सूनबाई, तो जाळीचा पडदाही काढून टाक. मोकळं येऊ दे.” सूनबाई शिवणकाम करायच्या, नाक्यावर त्यांचं दुकान होतं. त्यांनी स्टुलावर चढून पडदा काढला. आप्पांचा हात आणखी थोडा वेळ वर राहिला, मग थकून मांडीवर पडला. त्यांनी डोळे मिटले.

“बघ, शांत झाले,” माई म्हणाल्या.

त्या दिवसापासून माईंनीही नेम धरला. पहाटे उठायचं, हात जोडायचे आणि आधी ती खिडकी सताड उघडायची. रोज आप्पांचा हात वर जायचा. रोज माई म्हणायच्या, “हो हो, उघडलीय, पूर्ण उघडलीय.”

आता माझी कबुली. पहिले दिवस मला सण वाटले. काचेवर हिरवी साय धरली, ती मऊ होती, गोड होती. मी खात सुटले. सकाळी मी जी वाट साफ करायचे ती खिडकीच्या बाजूला संध्याकाळपर्यंत पुन्हा हिरवी व्हायची. मला वाटलं, वा, देणारा किती भरभरून देतो! पण सायीचे पुढे केस झाले. लांब, हिरवे, कुरळे केस, खडकांवर, नळीवर, काचेवर. ते माझ्याने खाववेनात. मग एके दिवशी मी प्रवाळापाशी गेले आणि माझी जीभ थांबली. केसांनी त्याला कडेने वेढलं होतं. रोज उमलणारी त्याची बोटं आत ओढलेली होती, आणि एका काठाला जिवाची चव राहिली नव्हती. नुसता चुना.

किल्ल्या पाहुण्याच्या हातात गेल्या होत्या.

आप्पांचा लेक लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी सातला बाहेर, रात्री आठला घरात. बिचारा रविवारी टाकीवर तुटून पडायचा. घासघास घासायचा, अर्धं पाणी उपसायचा, आम्हा सगळ्यांचा जीव घाबरा करायचा, आणि बुधवारपर्यंत पुन्हा हिरवंगार. त्याने दुकानदाराला फोन केला. दुकानदाराने विचारलं, “खाणं जास्त होतंय का? दिवा किती वेळ असतो? टाकी उन्हात नाही ना?”

“छे हो,” लेक म्हणाला. “वीस वर्षं एकाच जागी आहे.”

खोटं नव्हतं ते. टाकी तिळभर हलली नव्हती.

खाणं कमी झालं. दिव्याचे तास कमी झाले. केस वाढतच राहिले. समोरची काच अशी झाली की आप्पांना आतलं काही दिसेना. तरी ते दिवसभर तिकडेच बघत बसायचे.

शेवटी एका शनिवारी लेक म्हणाला, “आई, उद्या दुकानदार येतोय. मासे, प्रवाळ, सगळं घेऊन जाईल.”

“तो मासेवाला?”

“आई, त्याला मासेवाला म्हणू नकोस गं. मागे केवढा रागावला होता.”

“बरं, दुकानदार. पण ह्यांचं काय? एवढंच तर बघतात ते.”

 मग लेकाचा आवाज आला, एकदम खालचा. “काय बघतात, आई? हिरवी भिंत? त्यांना कळतं तरी का पुढ्यात काय आहे ते? मी रोज विचारतो, आप्पा, मी कोण? मान कुठेतरी तिसरीकडेच हलते. खिडकी उघडी असली तरी हात, बंद असली तरी...”

“बंद कधी असते?” माई म्हणाल्या. “आणि कळतं त्यांना. मला माहीत आहे.”

“तुला वाटतं, आई. वाटणं वेगळं.”

आप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते. हे सगळं त्यांच्यासमोर बोललं गेलं. मला त्यांची सावली दिसत होती. ती हललीसुद्धा नाही.

त्या रात्री नारिंगी जोडपं भांडलं नाही. मला वाटतं, काचेची थरथर त्यांनाही पोचली असावी.

रविवारी सकाळी आठ वाजता ऊन आलं. मी समोरच्या काचेवर चढत होते, मन लावून. उद्या ही काच नसली तरी आजचा नेम का मोडायचा? पण खिडकीच्या बाजूला केस इतके दाट होते की पायाला काच लागेना. मी घसरले. वाळूत पडले, उताणी.

मी पाय हवेत ताणला, वळवला. पायाला काहीच लागलं नाही. उताण्या गोगलगायीला वर पाहण्यावाचून उद्योग नसतो. वर पाण्याची पाठ सोन्यासारखी लखलखत होती, असं पुढे सूनबाईंच्या तोंडून ऐकलं. मला नुसता प्रचंड उजेड कळला. मरण असं असेल तर वाईट नाही, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात काच थरथरली. “आ... आ... आ!”

आप्पा! महिनाभरात त्यांचा एवढा मोठा आवाज निघाला नव्हता.

“काय झालं, आप्पा?” सूनबाई आतून धावत आल्या. त्यांच्या खांद्यावर कोटाचं जाड कापड होतं. कापायला घेतलं होतं, तसंच घेऊन आल्या. “दुखतंय? पाणी हवंय?” आप्पांचा हात टाकीच्या खालच्या कोपऱ्याकडे होता. केसांच्या झुपक्यांमधून एवढीशी फट, आणि त्या फटीतून त्यांनी मला पाहिलं होतं. भिंगं घासणाऱ्याचे डोळे ते.

सूनबाई त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या, त्यांच्या नजरेच्या रेषेत आपली नजर आणली. “अगं बाई, ही उलटी पडलीय!” आणि बाही वर न करताच त्यांनी हात पाण्यात घातला. मी सरळ झाले.

पण त्यांचा हात पाण्यातून लगेच बाहेर गेला नाही. तो तिथेच थांबला.

“आई,” त्यांनी हाक मारली. “जरा इकडे या. इथे, खाली बसा, माझ्या शेजारी. ही काच बघा.”

“काय बघायचं? हिरवीच आहे.”

“अर्धीच दाट हिरवी आहे, अर्धी फिकी. रेघ बघा. अशी तिरकी, वरून खाली. रेघेच्या अलीकडे गोगलगायीची वाट स्वच्छ आहे, पलीकडे भरून गेलीय.” त्यांनी ओल्या बोटाने ती रेघ वरून खाली गिरवली. “दुकानाच्या दर्शनी काचेत मी कापडाचं ठाण लावते ना, त्याचा रंग महिन्याभरात असाच तिरक्या पट्ट्यात उडतो. अगदी असाच. आई, ही उन्हाची रेघ आहे.”

लेक दाढी अर्धवट सोडून आला होता.  आप्पांचा हात आता खिडकीकडे वर गेला होता, तळवा पुढे, ढकलत, ढकलत.

सूनबाई उठल्या. खांद्यावरचं जाड कापड त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीवर ताणून धरलं.

टाकीत सावली झाली.

आप्पांचा हात हळूहळू खाली आला आणि मांडीवर टेकला. पडला नाही, टेकला.

सूनबाईंनी कापड काढलं. हात वर. पुन्हा धरलं. हात खाली. तिसऱ्यांदा त्यांनी धरलं तेव्हा कापडाची एक कड सुटली आणि उन्हाचा एक कवडसा टाकीत पळत सुटला.

“आप्पा,” लेक म्हणाला.  तो खाली बसला आणि त्याने वडिलांच्या मांडीवर डोकं टेकलं, अर्ध्या दाढीचा साबण तसाच. आप्पांचा डावा हात उचलला गेला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला गेला. त्या हाताला तिथे जायला बराच वेळ लागला. पण तो बरोबर तिथेच गेला.

माई मात्र खिडकीपाशी उभ्या होत्या. “म्हणजे रोज...” त्या म्हणाल्या. “रोज तुम्ही बंद कर म्हणत होतात, आणि मी रोज देवाचं नाव घेऊन उघडत होते. चाळीस वर्षं तुम्ही तोंड उघडायच्या आधी मला कळायचं हो. आणि तोंड बंद झालं तेव्हाच नेमकं...”

आप्पांच्या गळ्यातून एक आवाज आला. पाण्यात बुडबुडा फुटावा तसा.

“हसताय?” माई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “हसा. वर्षभर पुरेल एवढं हसा.”

अकरा वाजता दुकानदार दोन बादल्या घेऊन आला. सगळं ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला. “मी विचारलं होतं ना दादा, टाकी उन्हात नाही ना?”

“टाकी हलवलीच नाही हो आम्ही.”

“टाकी नाही हलली. ऊन हललं,” तो म्हणाला आणि बराच वेळ आप्पांकडे बघत राहिला. मग त्याने बाह्या सरसावल्या. त्याच बादल्यांत दुपारपर्यंत उपटलेले हिरवे केस भरले. खडकांसाठी त्याने जुना दातांचा ब्रश मागितला. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला, एकदम अर्धं नको, असं बजावलं. जाताना माईंनी त्याला चहा दिला आणि “पुन्हा या हं, मासेवाले,” म्हणाल्या. तो या वेळी रागावला नाही.

कोटाच्या कापडाला अस्तर लागून त्याचा पडदा झाला. गिऱ्हाइकाचा कोट पंधरा दिवस लांबला. सकाळी आठ ते अकरा पडदा ओढलेला असतो, मग उघडतात. माईंना घर उजेडाचं लागतं, ते खोटं नव्हतंच. शेवाळ लगेच गेलं नाही. जे सावकाश येतं ते सावकाश जातं; हे मी सांगायला नको. दोन महिन्यांनी काच निवळली. प्रवाळाचा एक काठ पांढरा राहिला तो राहिलाच. पण एका सकाळी मी शेजारून जात होते आणि एक बोट बाहेर आलं, मग दुसरं, मग सगळी. त्याने पांढऱ्या काठाला चिकटूनच नवा दगड बांधायला घेतला आहे. कोणाकडून शिकला, कोण जाणे.

सूनबाईंनी घासणीला कापडी पट्टा शिवला. तो आप्पांच्या डाव्या मनगटात अडकवतात. अंघोळ झाली की चहाच्या आधी खुर्ची टाकीपाशी येते. घासणी डावीकडून निघते. मधे दोनदा थांबते. उजवीकडे पोचेपर्यंत माईंचा चहा निवून जातो. त्या आता काही म्हणत नाहीत, पुन्हा गरम करतात. वाचा आलेली नाही. पण आतल्या बाजूने मी आणि बाहेरच्या बाजूने ते, आम्ही बरोबर चालतो. आता आमचा वेगही जुळला आहे.

मला खायला हिरवं पुरत नाही, म्हणून रविवारी वाळलेल्या समुद्री शेवाळाची एक पट्टी कपड्यांच्या चिमट्यात अडकवून पाण्यात सोडतात. म्हातारपणी आयतं ताट मिळतं आहे. तक्रार कशाला करू?

मित्रांनो, मी मंद आणि मुकी आहे, आणि तुम्ही घाईचे. म्हणून एवढंच मागते. काच रोज थोडी पुसा. आठवड्याने दणक्यात नको. आणि घरात कोणी न बोलता हात उचलला, तर आपल्याला कळलं असं लगेच धरून चालू नका, मग प्रेम कितीही असो. खिडकी एकदा उघडून पाहा. एकदा लावूनही पाहा. आणि हात कधी खाली टेकतो, तेवढं बघायला थांबा.